सकाळचे आकडे, दुपारचे आकडे

आमच्या विभागातल्या एका सरांचे आकडे फार चांगले येऊ लागले, तिथून माझी झोप उडाली.

मी कळंब्याच्या बाजूला एका इंजिनिअरिंग कॉलेजात दूरसंचार शिकवते. हे सर माझ्याहून बरेच लहान. गाव गडहिंग्लजच्या पलीकडे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरी ऊस आणि म्हशी. कॉलेजात नेमणूक तात्पुरती. पीएच.डी. झाली तर कायम होणार, नाही झाली तर पुढच्या वर्षी दुसरं कॉलेज शोधायचं. नोंदणीची वाढवून मिळालेली मुदतही त्या सत्राबरोबर संपत होती. त्यांचे मार्गदर्शक निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि एके दिवशी विभागप्रमुखांनी मला बोलावून घेतलं.

"मॅडम, सरांच्या प्रबंधातले प्रयोग तुम्ही तपासा. प्रयोग खरोखर झाले, आकडे खरे आहेत, एवढ्यावर सही पाहिजे. तुमची सही असली की कुणी शंका काढत नाही."

हे ऐकून खरं तर बरं वाटायला हवं. मला वाटलं, म्हणजे शंका काढायचं काम आता माझ्या एकटीवर आलं. सही केली आणि आकडे खोटे निघाले तर त्यांच्याबरोबर माझंही नाव जाणार. सही नाही केली आणि आकडे खरे असले तर एका चांगल्या माणसाची नोकरी माझ्या संशयापायी जाणार. घरी येऊन मी नेहमीप्रमाणे कागद घेतला आणि काय काय तपासायचं ते एकाखाली एक लिहून काढलं. यादी केली की माझं डोकं जागेवर येतं. त्या दिवशी आलं नाही.

सरांचा विषय बीमफॉर्मिंग. वर्गात मी तो झोपाळ्यावरून सांगते. झोपाळ्यावर मूल बसलंय आणि चारजणी ढकलायला उभ्या आहेत. चौघींनी वेळ साधून ढकललं तर झोका वर चढत जातो. दोघींनी एकीकडून आणि दोघींनी त्याच क्षणी समोरून ढकललं तर झोका जागचा हलत नाही. ताकद तेवढीच लागते, फळ वेगळं. मोबाइलच्या टॉवरवर अँटेनांची जी रांग असते तिचं काम असंच चालतं. प्रत्येक अँटेना तोच संदेश किंचित मागेपुढे करून सोडते. त्या लाटा एकाच्या फोनपाशी एकमेकींना मिळतात आणि दुसऱ्याच्या फोनपाशी एकमेकींना मारतात. अशा तऱ्हेने टॉवर एकाच वेळी दोघांशी बोलतो आणि एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊ देत नाही. तरीही थोडं जातंच. त्याला आम्ही गळती म्हणतो. गळती जितकी कमी तितकी रचना चांगली.

यात एक जुनी अडचण आहे. दोघेजण टॉवरपासून एकाच रेषेत, एकामागे एक असतील तर अँटेनांच्या रांगेला दोघे सारखेच दिसतात. पुढच्याला मिळेल ते मागच्यालाही मिळतं. एकाला मिळू द्यायचं नाही म्हटलं तर दुसराही उपाशी राहतो. जगभर लोक यावर डोकं घालतायत. आमच्या सरांचं म्हणणं असं, की आपल्या पद्धतीने एका रेषेतले दोघेही वेगळे करता येतात. प्रबंधातलं सगळ्यात वजनदार प्रकरण तेच होतं, आणि त्यातली गळती इतकी कमी, की मी पहिल्यांदा चष्मा पुसून परत वाचलं.

मांडणी साधी होती. आमच्या इमारतीच्या गच्चीवर एका फळीवर आठ अँटेनांची रांग. समोरून रस्ता जातो. रस्त्याच्या कडेला पुढे हॉस्टेल, त्याच्या कठड्यावर एक रिसीव्हर. त्याच रेषेत आणखी पुढे वर्कशॉप, त्याच्या छपरावर दुसरा. हे दोन रिसीव्हर म्हणजे आमचे दोन मोबाइलवाले. अँटेना आधी दोघांची ओळख करून घेतात, म्हणजे लाट कुठून कशी पोचते ते मोजतात, आणि मग त्यावरून प्रत्येकीने किती मागेपुढे व्हायचं ते लॅपटॉप ठरवतो.

सरांनी मोजलेले सगळे दिवस चांगले होते. हेच मला खटकलं. प्रत्यक्ष मोजमाप कधी गुळगुळीत येत नाही. एखाद्या दिवशी केबल ढिली असते, वारा असतो, कबुतर येऊन बसतं. यांच्या तक्त्यात कबुतर कधीच बसलं नव्हतं.

रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. त्याचं शाहूपुरीत मोटर-पंपांचं दुकान आहे, आणि माझ्या विषयातलं त्याला काही कळत नाही असं तो स्वतःच सांगतो.

"अगं, चांगलं आलंय म्हणून तू त्या बिचाऱ्याच्या मागं लागलीयास होय?"

"सगळंच चांगलं आलंय, म्हणून."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि जरा विचार केला. "मग तुझं बरोबर असंल. आमच्याकडं एक मिस्त्री यायचा. त्यानं बसवलेल्या पंपाची कधी तक्रार न्हाय. मी चार लोकात सांगायचो, काय कारागीर हाय म्हणून. नंतर कळलं, गडी गिऱ्हाइकाला दुकानाचा पत्ताच सांगायचा न्हाय."

मी हसले, पण ते डोक्यात बसलं. बिघडलेल्या दिवसांचा पत्ता या सरांनी मला दिलेलाच नसेल तर?

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी सरळ विचारलं.

"सर, उद्या सकाळी मी येते मोजायला."

"कशाला मॅडम? एवढ्या पहाटेचं. तुम्ही घरचं आवरून निवांत या, मी फाईल पाठवतो."

"फाईल आहे माझ्याकडे. मला मोजताना बघायचंय."

"एक केबल बदलायची हाय अजून. पुढच्या आठवड्यात बघू की."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या गावाला यात्रा निघाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात लॅपटॉप दुरुस्तीला गेला. मी स्टाफरूममध्ये शिरले की त्यांची स्क्रीन खाली व्हायची. एकदा मी मागून गेले तर त्यांनी फाईल झाकून क्रिकेटचा स्कोअर उघडला, आणि त्या दिवशी कुठलाच सामना नव्हता.

ते गावाला गेले तेव्हा मी प्रयोगशाळेतून किल्ली घेतली. तपासणारी मीच होते, तेव्हा विचारायचं कारण नव्हतं. तास संपल्यावर दुपारी गच्चीवर गेले, त्यांचीच मांडणी, त्यांचाच प्रोग्रॅम, प्रयोगशाळेचा दुसरा लॅपटॉप. केबल हाताने चाचपल्या, फळीची दिशा बघितली, हॉस्टेलवर आणि वर्कशॉपवर स्वतः चढून रिसीव्हर जागेवर असल्याची खात्री केली. मग मोजलं. गळती एवढी होती की एकाचं बोलणं दुसऱ्याला शेजारी बसून ऐकावं तसं ऐकू गेलं असतं. पुस्तकात एका रेषेतल्या दोघांचं जसं होतं असं लिहिलंय, अगदी तसं.

मी पुन्हा एका दुपारी मोजलं. मग आणखी एका. दर वेळी तेच. आता माझ्याकडे दोन तक्ते होते, एक त्यांचा आणि एक माझा, आणि दोन्हीत एकच मांडणी होती. त्यातला एक खोटा असायला हवा होता, आणि माझा मी स्वतः मोजलेला होता.

मुदत जवळ येत होती. विभागप्रमुख जिन्यात भेटले की फक्त भुवया उंचावून विचारायचे. मी "बघतेय" म्हणायचे. सही मागायला सर स्वतः एकदाही आले नाहीत. याचाही मी संशयच घेतला. ज्याला सही हवी आहे तो मागायला का येत नाही?

शेवटी मी न सांगता गेले. सकाळी स्कूटर काढली. रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या होत्या. कॉलेजच्या समोर रस्त्यापलीकडे दूध संकलन केंद्र आहे, तिथे टँकर लागला होता आणि कॅनचा खणखणाट चालला होता. गेटवरच्या पहारेकऱ्याने माझ्याकडे असं बघितलं, की चोर मीच. मी चप्पल न वाजवता जिना चढले. आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा अजिबात येत नव्हतं.

गच्चीचं दार अर्धं उघडं होतं. सर आत लॅपटॉपपाशी बसून फोनवर बोलत होते. बहुतेक बायकोशी.

"न्हाय गं, मॅडमना कळायच्या आत पाठवतो. एकदा पाठवला की काय करत न्हाईत त्या. व्हय. आजच."

मी दार ढकललं.

"काय कळायच्या आत, सर?"

त्यांनी फोन कानावरून काढला, पण बंद करायचं विसरले. पलीकडून बाईचा आवाज येत राहिला, "अहो? अहो, काय झालं?" मग त्यांनी तो बंद केला. चेहरा पडला नव्हता, उलट घट्ट झाला होता.

"या मॅडम. आलाच हायसा तर बसा."

"बसत नाही. माझ्यासमोर मोजा."

त्यांनी मोजलं. गळती कमी. त्यांच्या तक्त्यात होती तेवढीच कमी. मी पुन्हा मोजायला लावलं. तेच. माझ्या मनात आलं, जुने आकडेच परत दाखवत नाहीत ना? म्हणून मी पुढे होऊन एका अँटेनासमोर तळहात धरला. गळती वाढली. हात काढला, पुन्हा ओळख करून घ्यायला लावली, कमी झाली. म्हणजे आकडे त्या क्षणीचे होते. ते सगळं सर बघत होते. हात का धरला ते त्यांना कळलं, आणि कळलं ते मलाही कळलं.

"आणखी काय बघायचं हाय? खिसं दाखवू काय माझं?"

मी स्क्रीनकडे बोट केलं. "आणखी एकदा," म्हटलं.

तेवढ्यात रस्त्यावरून गाडी मागे घेतानाचं गाणं वाजलं. संकलन केंद्रासमोरचा दुधाचा टँकर वळून निघाला होता. सरांनी मोजलं आणि आकडा एकदम चढला. माझ्या दुपारच्या तक्त्याइतका.

आम्ही दोघेही स्क्रीनकडे बघत राहिलो.

"कशाला हात लावलासा काय?" सर म्हणाले.

"मी इथे उभी आहे."

"केबल सुटली असंल."

मी एकेक केबल बघितली. सुटली नव्हती. "ओळख शिळी झाली असेल," मी म्हटलं, "परत घ्या." कारण जागा बदलली, आजूबाजूचं काही बदललं, की आधी घेतलेली ओळख उपयोगाची राहत नाही. त्यांनी नव्याने घेतली. गळती किंचित उतरली आणि तिथेच अडली. पुन्हा घेतली, तेच. एका रेषेतले दोघे परत एकसारखे दिसायला लागले होते.

सर उठून कठड्यापाशी गेले. खाली रस्ता मोकळा होता. केंद्रासमोर पाण्याने ओली झालेली लांबट जागा तेवढी राहिली होती.

"मॅडम," ते म्हणाले, "टँकर."

मला समजायला आणखी एक क्षण लागला. स्टीलचा, आरशासारखा, रोज सकाळी दूध भरायला रस्त्याच्या कडेला लावलेला टँकर. अँटेनांची लाट सरळ जाते तशी टँकरवर आपटून वळूनही जाते. सरळ वाट दोघांचीही एकच. पण टँकरवरून वळलेली वाट वर्कशॉपच्या छपरावर वेगळ्या कोनातून पोचायची आणि हॉस्टेलवर जवळजवळ पोचायचीच नाही. तेवढ्या आधाराने रांगेला दोघे वेगळे ओळखू यायचे. टँकर गेला की ओळख गेली.

आणि आम्ही सगळे विद्यार्थ्यांना काय शिकवतो? मोजायचं तर शांत वेळी मोजा. हॉस्टेलची मुलं उठून वायफायवर बसायच्या आत मोजा, कँटीनचा मायक्रोवेव्ह सुरू व्हायच्या आत मोजा, गच्चीवर कुणाला येऊ देऊ नका. सरांनी ते अक्षरशः पाळलं होतं. सुरुवातीला एकदा दुपारी मोजून वाईट आलं होतं, असं त्यांनी आता सांगितलं; तेव्हा ते त्यांनी गर्दीच्या नावावर टाकलं आणि काढून टाकलं. आमच्याकडचा कुणीही तेच करेल. आमच्या दृष्टीने गर्दी म्हणजे हवेतल्या दुसऱ्या लहरी. रस्त्यापलीकडे उभं राहून काहीही न पाठवणारं वाहन आमच्या गर्दीत मोजलं जात नाही.

सर कठड्याला टेकून खाली बसले.

"म्हणजे माझ्या पद्धतीचं काहीच न्हाय. दुधाच्या टँकरचं हाय सगळं."

असं कुणी म्हटल्यावर दोन शब्द धीराचे बोलावेत. मी म्हटलं, "फोनवर काय पाठवायचं म्हणत होता?"

त्यांनी मान वर केली. "पेपर. त्या प्रकरणाचा. तुमचं नाव न घालता."

"माझं नाव कशाला घालायचं?"

"तुम्ही किल्ली घेऊन दुपारी मोजत होतासा, मला कळत न्हवतं व्हय? लॅबमधल्यांनी सांगितलं. मला वाटलं, तुमाला हेच प्रकरण पाहिजे. पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं. मागं एका कॉलेजात असंच झालंय माझ्यासंगट. सही अडवायची, मग एके दिवशी हळूच म्हणायचं, नाव घाला माझं, मग करते."

ज्या आठवड्यांत मी त्यांच्या खाली केलेल्या स्क्रीनचा हिशेब ठेवत होते, त्याच आठवड्यांत ते माझ्या फेऱ्यांचा ठेवत होते. सही मागायला ते का येत नव्हते तेही आता समजलं. मागितली की मी किंमत सांगेन अशी त्यांना धास्ती होती.

"मला तुमचं काही नको," मी म्हटलं. "पण हे प्रकरण असं गेलं तर मी सही करणार नाही."

"ते आता कळलं. मीच पाठवणार न्हाय."

खाली कँटीनचं शटर वर गेलं. मी पिशवीतून कागद काढला. सवयच आहे. लिहायला मुद्दे फार नव्हते. टँकरमुळेच होतंय हे आपण अजून फक्त मानतोय. सकाळ गेली, मुलं उठली, ऊन बदललं, कारण त्यातलं काहीही असू शकतं. भर दुपारी, गर्दीत, टँकर त्याच जागी आणून उभा करायचा आणि मोजायचं. गळती उतरली तर कारण पक्कं. मग प्रकरण उभं राहतं, पण वेगळं: बाजूला धातूचा मोठा पृष्ठभाग असेल तर एका रेषेतले दोघेही वेगळे करता येतात, आणि तो पृष्ठभाग ओळखून वापरण्याचं काम सरांची पद्धत करते. गळती उतरली नाही तर प्रकरण गेलं, आणि त्याच्याबरोबर मुदतीत प्रबंध द्यायची आशाही.

"दुपारी टँकर कोण देणार आपल्याला?" सर म्हणाले.

टँकरचे चालक म्हणजे रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाडीवर सगळ्यांचे चाचा. पांढरी दाढी, स्वेटरवर स्वेटर. सकाळच्या दुसऱ्या फेरीला ते आले तेव्हा आम्ही दोघे जाऊन उभे राहिलो.

"चाचा, उद्या दुपारी टँकर जरा तिथंच लावाल काय?" सरांनी विचारलं.

"दुपारी? दूध न्हाय, काय न्हाय. कशापायी?"

"प्रयोग हाय आमचा."

"टँकरवर?" चाचांनी कप खाली ठेवला. "फुटंल बिटंल काय?"

"न्हाय हो. नुसता उभा करायचा. त्याच्यावर माझी पीएच.डी. अडकलीया."

"नुसतं उभं राहून मास्तर डॉक्टर होतोय व्हय? मग माझा पुतण्या कवाच झाला असता. दिवसभर चौकात उभाच असतोय."

चहावाला खो खो हसला. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"मॅडम, ह्यात भानगड न्हाय न्हवं? मागं एक पावणं असंच आलं. म्हटलं, चाचा, टँकर लई चकचकीत हाय, फोटो काढतो. आणि दुसऱ्या दिवशी भेसळीची तपासणी. काय सापडलं न्हाय ती गोष्ट येगळी. पर दिवसभर दूध उन्हात उभं."

"टँकर रिकामाच असू दे, चाचा. आम्ही गच्चीवर असणार. जवळसुद्धा येत नाही."

"हात लावायचा न्हाय कुणी. मी केबिनमधनं उतरणार न्हाय. आणि साहेबांना इचारून सांगतो."

संध्याकाळी त्यांचा फोन आला. साहेब हो म्हणाले होते. टँकर धुऊन परत जाताना अर्धा तास थांबायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दुपारी गच्चीवर ऊन चटकत होतं. हॉस्टेलमधून गाणी ऐकू येत होती, वायफाय भरून वाहत होतं, कँटीनमध्ये रांग होती. आम्हाला हवी तशी घाण परिस्थिती. आता प्रश्न आला, खाली चाचांशी बोलायला कोण जाणार आणि वर आकडे कोण बघणार.

"तुम्ही खाली जा, मी मोजते," मी म्हटलं.

"तुम्ही एकट्या वर? न्हाय मॅडम." ते शांतपणे म्हणाले, पण हलले नाहीत. "आणि मी वर, तुम्ही खाली, हे तुमाला चालणार न्हाय."

ते खरं होतं. एका सकाळीत माणूस बदलत नाही.

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. दोघांनीही गच्चीवर थांबायचं. लॅपटॉप माझ्यापुढे, माझी पाठ रस्त्याकडे, कानात हेडफोन, म्हणजे टँकरचं गाणंही ऐकू यायचं नाही. ते कठड्यापाशी उभं राहून चाचांना फोनवर पुढेमागे करायला सांगतील. दर वेळी ते माझ्या खांद्याला फाईलच्या कोपऱ्याने स्पर्श करतील, मी नवी ओळख घेऊन मोजायचं आणि फक्त आकड्यावरून सांगायचं, खाली टँकर आहे की नाही.

"तुमचा माझ्यावर विश्वास न्हाय," ते म्हणाले. "मग माझ्या जागी तुम्हीच बसा की."

मी हेडफोन लावले. त्यात मुलीने भरून ठेवलेलं काहीतरी धडधडत होतं. उन्हात स्क्रीन नीट दिसेना म्हणून ओढणी डोक्यावरून लॅपटॉपवर घेतली. फाईलचा कोपरा लागला. मोजलं.

"नाही," मी म्हटलं.

कोपरा लागला. आकडा इतका खाली आला की माझ्या तोंडून आवाज जरा मोठाच निघाला. "आहे!"

मग पुन्हा आहे. मग नाही. नाही. आहे. दर वेळी मी सांगायचे आणि पाठीमागून काहीच उत्तर यायचं नाही, आणि आलं असतं तरी ऐकू आलं नसतं. इतकी वर्षं मी मुलांची उत्तरं तपासत आले होते. आपलं उत्तर बरोबर की चूक हे न कळता पुढच्या प्रश्नाला जाणं काय असतं ते विसरले होते. एकदा आकडा मधेच लटकला. धड सकाळचा नाही, धड दुपारचा नाही.

"अर्धा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हेडफोनवर हात पडला. मी ते काढून मागे वळले. सर मोठ्याने हसत होते. गेल्या कित्येक आठवड्यांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. खाली टँकर निम्मा रस्त्यात आणि निम्मा जागेवर अडकला होता, समोरून उसाची ट्रॉली आली होती, आणि चाचा ट्रॉलीवाल्याला वाट सोडायची का नाही यावरून फैलावर घेत होते.

"सगळी बरोबर?" मी विचारलं.

"सगळी. अर्धासुद्धा."

त्यांचं हसू लगेच ओसरलं. जे सिद्ध झालं होतं त्यात त्यांचं मोठं प्रकरण लहान झालं होतं. पण आता ते खरं होतं. त्यांनी पिशवीतून प्रबंधाची प्रत काढली, त्या प्रकरणाचं शीर्षक उघडलं आणि त्यावर स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली. वर नवं शीर्षक लिहिलं. "बाजूस परावर्तक असताना" हे शब्द त्यात सगळ्यात आधी आले. सकाळचे आणि दुपारचे, दोन्ही तक्ते शेजारी शेजारी छापायचे असं ठरलं. माझे दुपारचे आकडेही त्यात जाणार होते. त्याखाली मोजणाऱ्याचं नाव टाकायचं का, असं त्यांनी विचारलं, आणि मी हो म्हटल्यावर पटकन खाली बघून ते लिहून घेतलं.

मग त्यांनी प्रमाणपत्राचा कागद माझ्यापुढे धरला. पहिल्यांदाच.

मी कठड्यावर फाईल ठेवून पेन काढलं. त्यांनी कागदावरचा हात उचलला नाही.

"मॅडम, आकडे बघून सही करताय, का माझ्याकडं बघून?"

"आकडे बघून."

"मग बरं," ते म्हणाले, आणि हात काढला.

मी सही केली. खालून चाचांनी दोनदा हॉर्न दिला, दुधाची वेळ झाली होती. सर त्यांना सोडायला जिना उतरून गेले, आणि मी केबल गुंडाळायला घेतल्या.